ट्राम, पॉड टॅक्सी आणि 'अजून एक सीट'

'बसा काका, फक्त अजून एक सीट आली की निघालोच.'

सावेडीत राहणाऱ्या माणसाने हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब करता येणार नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला दुचाकी चालवायची बंदी केली आणि तेव्हापासून प्रेमदान चौकात उभं राहून शेअर रिक्षाची वाट पाहणं हा माझा नित्यनेम झाला आहे. माळीवाड्याला जायचं असतं, अंतर फार नाही, पण ती 'अजून एक सीट' कधी दोन मिनिटांत येते, कधी वीस मिनिटांत. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला काही घाई नसते. पण शेजारी कॉलेजची मुलगी बसलेली असते, तिच्या मांडीवर वह्या असतात आणि ती दर मिनिटाला मोबाईलमधलं घड्याळ पाहत असते. तिला घाई असते.

अशाच एका वाट पाहण्याच्या वेळात, २०२४ मध्ये, पेपरात बातमी वाचली होती. मुंबईत वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांच्या मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलातून पॉड टॅक्सी सुरू करायला मंजुरी मिळाली. पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास उन्नत मार्ग, अडतीस थांबे, ड्रायव्हर नसलेल्या छोट्या गाड्या, एका गाडीत सहा माणसं. सहा! मी रिक्षात डोकं वर करून मोजलं. मागे तीन, पुढे ड्रायव्हरच्या दोन बाजूंना दोन, आणि ड्रायव्हर धरून सहा. मला हसू आलं. म्हणजे मुंबईकर हजार कोटींच्या वर खर्च करून जे करू पाहत होते, ते आमच्या नगरात केव्हाचं चालू आहे, फक्त खांबांवर नाही आणि ड्रायव्हरसह!

पण गंमत बाजूला ठेवू. या बातमीने माझ्या मनातला एक जुना वाद पुन्हा जागा झाला. शहरातली माणसं वाहून न्यायची तर रुळावरची मोठी गाडी बरी, की आपोआप चालणाऱ्या अनेक छोट्या गाड्या बऱ्या? या वादात मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने चुकलेलो आहे. तो कबुलीजबाब पुढे येईलच. आधी थोडं मागे जाऊ या.

१९६३ च्या मे महिन्यात मी नऊ वर्षांचा होतो. सुट्टीत आत्याकडे मुंबईला गेलो होतो. ती नायगावच्या चाळीत राहायची आणि आतोबा ट्रामवर कंडक्टर होते. नगरहून गेलेल्या पोराला मुंबईत काय पाहावं नि काय नको असं झालं होतं, पण मला समुद्राहून जास्त आवडली ती ट्राम. दादर टीटीहून बोरीबंदरला जाणारी. (या 'टीटी'चा अर्थ ट्राम टर्मिनस हे आजच्या किती मुंबईकरांना माहीत असेल कोण जाणे. गाडी गेली, नाव राहिलं.) उभा राहून चालवणारा ड्रायव्हर, पायाने वाजवायची घंटा, आणि परळ-लालबागमधून गर्दी कापत जाणारं ते धूड. कापत कसलं, गर्दीतून वाट काढत काढत. मी आतोबांना विचारलं होतं, 'ही वळून दुसरीकडे जाऊ शकत नाही का?' ते म्हणाले, 'अरे, ड्रायव्हरच्या मनात आलं तरी ती वाट सोडत नाही. म्हणून तर लोक तिच्या भरवशावर राहतात.'

नऊ वर्षांच्या पोराला यातलं काही कळलं नाही. आज बहात्तराव्या वर्षी वाटतं, वाहतूकशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात होता.

मुंबईची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, घोड्यांच्या बळावर. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत, असे सुरुवातीचे मार्ग होते. कलकत्त्याने त्याच्या आदल्या वर्षीच घोड्याची ट्राम चालवून पाहिली होती. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ च्या मे महिन्यात, आणि १९२० मध्ये डबलडेकर. १९२६ साली बस आली. ट्रामला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो तेव्हा. बसला रूळ नको, वरची तार नको, रस्ता खोदायला नको. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, 'बेस्ट' महापालिकेच्या ताब्यात आली. पुढची दहा-पंधरा वर्षं ट्रामचे मार्ग एकेक करून आटत गेले आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती पाहायला रस्त्याच्या दुतर्फा माणसांची गर्दी होती, असं आतोबा सांगायचे. नंतर ते बसवर कंडक्टर झाले. बसबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत, पण प्रेमानेही बोलले नाहीत.

ट्रामवरचा आरोप काय होता? ती रस्त्याच्या मधोमध चालते आणि रहदारी अडवते. आरोप खोटा नव्हता. पण नीट पाहिलं तर ट्राम आधीपासून तिथेच होती, रहदारी नंतर आली. मोटारींनी रूळ अडवले आणि शिक्षा रुळांना झाली. हे केवळ मुंबईत झालं नाही. लंडनने १९५२ मध्ये ट्राम बंद केली, मद्रासने १९५३ मध्ये, दिल्लीने १९६३ मध्ये. सगळ्या जगाला त्या काळात एकच साक्षात्कार झाला होता की रूळ ही जुनी गोष्ट, रबरी टायर ही नवी.

आता एक योगायोग पाहा. ज्या १९६४ साली मुंबईची ट्राम बंद झाली, त्याच वर्षी अमेरिकेत डॉन फिक्टर नावाच्या नगर-वाहतुकीच्या अभ्यासकाने एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं. मोठ्या गाडीत सगळ्यांना कोंबून, प्रत्येक थांब्यावर सगळ्यांना थांबवून नेण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा हलक्या, स्वतंत्र मार्गावर छोट्या स्वयंचलित गाड्या ठेवा. प्रवासी येईल, आपलं ठिकाण सांगेल, आणि गाडी त्याला मधे कुठेही न थांबता थेट तिथे नेईल. थांबे मुख्य मार्गाच्या बाजूला, म्हणजे एक गाडी थांबली तरी मागची थांबायला नको. विरळ आणि मध्यम वस्तीच्या शहरांसाठी हा उपाय आहे, असं त्याने मांडलं. वाट पाहणं नाही, गर्दी नाही, गाडी बदलणं नाही. 'अजून एक सीट' नाही!

कल्पना इतकी सुंदर होती की पुढची वीस वर्षं श्रीमंत देशांनी तिच्यामागे पैसा ओतला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॉर्गनटाऊन या डोंगराळ विद्यापीठी गावात १९७५ साली अशी व्यवस्था खरोखर सुरू झाली. गाड्या मात्र चार माणसांच्या न राहता वीस माणसांच्या झाल्या, आणि खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला. पण ती चालली, आणि अनेक दशकं विद्यार्थ्यांना नेत राहिली. जर्मनीत हागेन इथे चाचणी मार्ग बांधला गेला, सत्तरच्या दशकाबरोबर तोही संपला. फ्रान्सने 'अरामिस' नावाच्या प्रकल्पावर सतरा-अठरा वर्षं काम केलं आणि १९८७ मध्ये एकही प्रवासी रोजच्या कामाला न नेता तो गुंडाळला. ब्रुनो लातूर या समाजशास्त्रज्ञाने त्यावर 'अरामिसला कोणी मारलं?' अशा शोधाचं एक अख्खं पुस्तकच लिहिलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ मध्ये चार माणसांच्या पॉड सुरू झाल्या, टर्मिनलपासून वाहनतळापर्यंत. म्हणजे साठ वर्षांत हाती काय लागलं, तर एक विद्यापीठ, एक विमानतळ आणि अशीच आणखी दोन-चार ठिकाणं. एकही अख्खं शहर नाही.

आणि दुसरीकडे, मेली म्हणून जिची तिरडी बांधली ती ट्राम उठून बसली! नाव नवं घेतलं, लाईट रेल. १९७८ मध्ये कॅनडातल्या एडमंटनने सुरुवात केली, १९८१ मध्ये सॅन डिएगो, १९८५ मध्ये फ्रान्समधलं नांत, १९९२ मध्ये मँचेस्टर. ज्या फ्रान्समध्ये अरामिस गाडला गेला, त्याच फ्रान्समध्ये गावोगाव ट्राम परत आली. फरक एकच केला. या वेळी रुळांवर मोटारींना येऊ द्यायचं नाही असं त्यांनी जमेल तिथे ठरवलं. ट्रामचा दोष यंत्रात नव्हता, तिला स्वतःची जागा नव्हती यात होता, हे समजायला तीस वर्षं लागली.

आता माझा कबुलीजबाब.

मी तंत्रनिकेतनात शिकवायचो. २००३-०४ मध्ये कोकण रेल्वेच्या स्कायबसची मोठी हवा होती. व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांची ती कल्पना. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर पोकळ तुळई, तुळईच्या पोटात रूळ, आणि रुळांवरच्या चाकांना खाली लटकलेले डबे. जमीन घ्यायला नको, घरं पाडायला नको, आणि मेट्रोपेक्षा खर्च कितीतरी कमी. ही काही फिक्टरची छोटी गाडी नव्हे, पण वृत्ती तीच, की रस्त्यावरच्या भांडणात पडायचंच नाही, डोक्यावरून निघून जायचं. मी तर भारावून गेलो. ट्राम मेली ती रस्ता वाटून घ्यावा लागला म्हणून. मग रस्ताच सोडून दिला तर! विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृत्या काढून दाखवल्या. नगरची महानगरपालिका २००३ मध्येच झाली होती. मी आमच्या कट्ट्यावर जाहीर केलं की वीस वर्षांत भिस्तबाग ते माळीवाडा आपण लटकत जाणार.

कट्ट्यावर आमचे अण्णा होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, 'सर, ती मधेच बंद पडली तर माणसं उतरणार कुठं?'

मी त्यांना अतिरिक्त यंत्रणा, पर्यायी वीजपुरवठा वगैरे बरंच काही ऐकवलं. ते म्हणाले, 'आमची यष्टी बंद पडली तर लोक शिव्या देतात, खाली उतरतात आणि चालायला लागतात. चालायला लागतात, हे महत्त्वाचं.' मी ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर माझ्या हसण्यात थोडा तुच्छपणाही होता. इंजिनिअरला एसटीतल्या माणसाने प्रश्न विचारावा हे मला कुठेतरी रुचलं नसावं.

२५ सप्टेंबर २००४ रोजी मडगावला स्कायबसच्या चाचणीत अपघात झाला. डबा खांबावर आदळला. कोकण रेल्वेचा एक कर्मचारी गेला, काही जखमी झाले. प्रकल्प तिथेच रेंगाळला. जेमतेम दीड किलोमीटरचा तो चाचणी मार्ग मडगाव स्टेशनाजवळ वर्षानुवर्षं गंजत उभा होता, आणि २०१३ मध्ये तो उतरवण्यात आला. एका अपघाताने कल्पना खोटी ठरत नाही हे मला कळतं. आगगाडीनेही पहिल्या दिवसांत माणसं मारली आहेत. पण त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो नाही. अण्णा काही बोलले नसते, आणि तेच जास्त लागलं असतं.

अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं मात्र एकवीस वर्षांनी, मुंबईत. तिथली मोनोरेल २ फेब्रुवारी २०१४ ला वडाळा ते चेंबूर सुरू झाली, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढली. १९ ऑगस्ट २०२५ च्या तुफान पावसात लोकल ठप्प झाल्या, माणसांनी मोनोरेलकडे धाव घेतली, गाडी पेलवेल त्याहून जास्त भरली आणि दोन स्थानकांच्या मध्ये, हवेतच, बंद पडली. आत पाचशेहून अधिक माणसं. दिवे नाहीत, हवा नाही. अग्निशमन दलाने शिड्या लावून, काचा फोडून तासन्‌तास खपून त्यांना उतरवलं. महिनाभरात ती सेवा सुधारणांसाठी बंद ठेवण्यात आली. टीव्हीवर ते दृश्य पाहताना मला अण्णांचा आवाज ऐकू आला. ते हे पाहायला नव्हते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले.

असो.

भावनेचं बाजूला ठेवून जरा गणित करू या, कारण हा वाद शेवटी गणितावर येऊन थांबतो. पॉड ताशी चाळीस किलोमीटरने जाते असं धरा, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. रेल्वेचा जुना नियम असा की पुढची गाडी भिंतीवर आदळल्यासारखी जागच्या जागी थांबली तरी मागचीला थांबायला जागा हवी. आतल्या माणसांची डोकी फुटणार नाहीत इतपत ब्रेक लावायचा तर दोन पॉडमध्ये तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवावंच लागतं. चार धरले तर तासाला नऊशे पॉड. प्रत्येकीत सहा माणसं भरली तर पाच हजार चारशे. पण सहा भरायची तर थांबून 'अजून एक सीट' म्हणावं लागणार! वाट न पाहता निघायचं हाच जर पॉडचा गुण, तर तिच्यात सरासरी दोनच माणसं असणार. म्हणजे तासाला अठराशे. उलट, दोनशे माणसांची ट्राम दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला सहा हजार. जिथे माणसांचा लोंढा एकाच दिशेने आहे तिथे पॉडचं काम नाही. जिथे माणसं थोडी थोडी, सगळीकडून सगळीकडे जाणारी आहेत, तिथे ट्राम रिकामी धावणार.

दुसरं एक गणित आहे, ते यंत्राचं नाही, माणसाचं आहे. पाश्चात्त्य देशांत बस-ट्रामच्या खर्चात ड्रायव्हरचा पगार हा मोठा भाग असतो. तिथे चार माणसांमागे एक ड्रायव्हर परवडूच शकत नाही, म्हणून छोटी गाडी हवी तर ती आपोआप चालणारीच हवी. आमच्या नगरात चार-पाच माणसांमागे एक ड्रायव्हर सहज परवडतो, कारण तो फार थोडक्यात राबतो. मला 'बसा काका' म्हणणाऱ्या पोराच्या रिक्षेवर चार जणांचं घर चालतं. फिक्टरने ज्या माणसाला गाडीतून वजा केलं, त्या माणसाच्या जिवावर आमची अख्खी व्यवस्था उभी आहे. तेच यंत्र एका ठिकाणी प्रश्न सोडवतं, दुसरीकडे नवा उभा करतं.

मग सावेडीला काय हवं? सावेडी एकेकाळचं खेडं. नगर वेशीबाहेर पडून मनमाड रस्त्याने वाढलं आणि खेडं उपनगर झालं. सोसायट्या, प्लॉट, बंगले, पसरलेली वस्ती. फिक्टरच्या पुस्तकातलं 'विरळ आणि मध्यम वस्तीचं शहर' म्हणजे साधारण हेच. पण सकाळी दहाला सगळ्यांना जायचं असतं एकाच दिशेला, दिल्ली गेट नाहीतर माळीवाडा. म्हणजे घरापासून चौकापर्यंत आपण पॉडचे प्रवासी आणि चौकापासून पुढे ट्रामचे.

आमच्याकडे पाइपलाइन रोड आहे. त्याचं नाव उच्चारताना मला नेहमी वाटतं, की पाणी आणणाऱ्यांना हे केव्हाच समजलं होतं. निजामशाहीतल्या लोकांनी दूरच्या गावांतून खापरी नळाने या शहरात पाणी आणलं. मोठी वाहिनी शहरापर्यंत, मग फाटे, मग हौद. मोठी वाहिनी चांगली की घरचा नळ चांगला, असा वाद त्यांनी घातल्याचं ऐकिवात नाही. दोन्ही लागतात, आणि दोन्हींत पाणी ठरल्या वेळी यावं लागतं.

आमची तोटी आहे, रिक्षा. मोठी वाहिनीच नाही. नगरची शहर बस किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली हे मी मोजणं सोडून दिलं आहे. दर वेळी नव्या रंगाच्या गाड्या, फीत कापलेली, आणि काही वर्षांनी स्टॉपचा नुसता खांब. आपल्याला नव्या यंत्राचं स्वप्न पाहायला आवडतं, कारण त्यात रोज सकाळी ठरल्या वेळी गाडी सोडायची कटकट नसते. नाशिकला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रबरी चाकांची निओ मेट्रो जाहीर झाली, तिचा एकही डबा अजून धावलेला नाही. मुंबईच्या पॉडही धावतील तेव्हा खऱ्या. वांद्रे-कुर्ला संकुलात, दोन स्टेशनं आणि मधली ऑफिसं जोडायला, त्यांचा कदाचित चांगला उपयोग होईलही. मी आता भाकितं करत नाही. एकदा केलं होतं.

मला एवढंच कळतं की आतोबा ज्याला भरवसा म्हणत होते तो लोखंडाच्या रुळात नव्हता. उद्या याच वेळी, याच वाटेने गाडी येणार, या खात्रीत होता. रूळ रस्त्यावर दिसत म्हणून ती खात्री दिसायची, इतकंच. साधी बसही ती देऊ शकते, दर दहा मिनिटांनी, भरो वा न भरो, निघायचंच असं कोणी ठरवलं तर. भरो वा न भरो, हे महत्त्वाचं. अण्णा असते तर असंच म्हणाले असते.

कालचीच गोष्ट. रिक्षात मी, ती वह्यावाली मुलगी आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई. पंधरा मिनिटं झाली. मुलगी हळूच म्हणाली, 'दादा, पेपर आहे माझा.' रिक्षावाल्याने एकदा मागे पाहिलं, एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि किक मारली. दोन सीटचं नुकसान त्याने सोसलं. उतरताना मी त्याच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवायला गेलो तर घेईना. 'राहू द्या काका, उद्या आहेच की.'

उद्या आहेच. मी पुन्हा प्रेमदान चौकात उभा असेन. तो असेलच, याची मात्र कोणी हमी दिलेली नाही.